मागच्या अंगणात डेक बांधायचाय? आधी खालचं बघा, मग वरचं

डेक, म्हणजे घराला लागून केलेला लाकडी फळ्यांचा ओटा, म्हटलं की सगळे आधी फळ्यांचा रंग बघत बसतात. मीपण तेच केलं होतं, दोन आठवडे नुसती सॅम्पलं उन्हात ठेवून बघत होतो आणि खांब किती लागतील याचा हिशोब मात्र एका संध्याकाळी उरकला. शहाणपणा उलटा पाहिजे होता. फळ्या पुढे कधीही बदलता येतात हो, खालचा सांगाडा एकदा चुकला की सगळं उपटूनच काढावं लागतं.

पहिलं काम साइज. कागदावर नाही, जमिनीवर. चार खुंट्या ठोका, दोरी बांधा आणि घरातलं टेबल खुर्च्या खरोखर उचलून त्यात नेऊन ठेवा. खुर्ची मागे ओढून माणूस उठायला टेबलाच्या कडेपासून साधारण 3 फूट लागतात, म्हणजे चार जणांचं टेबल असेल तर 10 बाय 10 फूट नुसतं त्यातच गेलं, शिवाय दारापासून पायऱ्यांपर्यंत जायची वाट वेगळी सोडायची. दुपारी ऊन कुठून येतं तेही त्याच दिवशी बघून ठेवा. आणि खड्डे खणायच्या आधी परवानगी लागते का हे विचारा, जमिनीखालून वायर, गॅस, पाण्याची लाइन कुठून गेलीय तेही विचारून घ्या, हा कंटाळा करू नका प्लीज.

आता आखणी. कोपरे काटकोनात पाहिजेत. एका बाजूला 6 फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला 8 फुटांवर खूण, दोघांमधलं अंतर बरोबर 10 फूट आलं की काटकोन झाला. शेवटी दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तरच पुढे जा. अर्ध्या इंचाचा फरक आत्ता काहीच वाटत नाही पण शेवटची फळी लावताना तो तुमच्याकडे बघून हसतो.

खड्डे किती खोल? जिथे थंडीत जमीन गोठते तिथे गोठण्याच्या पातळीच्या खाली जायलाच लागतं, नाहीतर गोठलेली माती फुगून खांब वर उचलते आणि वसंतात डेक वाकडा. जिथे गोठत नाही तिथेही भुसभुशीत माती काढून खालच्या घट्ट मातीपर्यंत जायचं. खांब थेट काँक्रीटमध्ये गाडू नका. दिसायला भक्कम वाटतं पण लाकूड आणि काँक्रीटच्या सांध्यात पाणी साचतं आणि खांब नेमका तिथेच कुजतो. काँक्रीट जमिनीच्या थोडं वर आणा, त्यात बोल्ट बसवा, त्यावर लोखंडी पोस्ट बेस आणि मग खांब, म्हणजे लाकूड कोरडं राहतं. तुळई खांबाच्या डोक्यावर टेकली पाहिजे. नुसती बाजूने बोल्टवर लटकवली तर सगळं वजन त्या दोन बोल्टांवर.

आता सगळ्यात महत्त्वाचं, घराला लागून जी आडवी फळी बसते ना, तिला लेजर म्हणतात. डेक कोसळतात तेव्हा बऱ्याचदा दोष याच सांध्याचा निघतो, कारण कुणीतरी ती फळी नुसत्या खिळ्यांवर मारलेली असते. खिळा ओढ आली की सरळ बाहेर येतो. इथे अर्ध्या इंचाचे बोल्ट किंवा लॅग स्क्रू (जाड, लांब स्क्रू), वॉशर लावून, वर खाली अशा नागमोडी ओळीत, आणि ते भिंतीच्या आतल्या भक्कम लाकडात किंवा काँक्रीटमध्ये गेले पाहिजेत. भिंतीला बाहेरून शोभेची पातळ वीट लावली असेल तर तिच्यावर लेजर अजिबात लटकवू नका, ती वीट वजन घ्यायला नसतेच. आणि लेजरच्या वर पत्र्याची फ्लॅशिंग हवीच, वरची कड भिंतीच्या आवरणाच्या आत सरकवलेली, म्हणजे पाणी लेजरच्या मागे न जाता पुढे गळून पडतं. मी पहिल्या वेळी फ्लॅशिंगच्या जागी सिलिकॉन भरला होता, दोन पावसाळ्यांत तो सुटला आणि स्क्रूड्रायव्हर लाकडात लोण्यासारखा गेला, तेव्हापासून सिलिकॉनवर विश्वास नाही.

भिंतीबद्दल शंका असेल तर सरळ घरापासून सुटा डेक करा. खांबांची एक ओळ जास्त लागते आणि डेक डुलू नये म्हणून तिरपे आधार मारावे लागतात, पण भिंतीला हात लावायला नको. फक्त घराच्या पायालगतची माती बहुतेक वेळा भरावाची असते, तिथले खड्डे जास्त खोल न्या.

जोईस्ट म्हणजे फळ्यांच्या खाली ओळीने बसणारी आडवी लाकडं, त्यांच्यातलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत 16 इंच चालतं, फळ्या तिरप्या लावणार असाल तर 12 धरा, कॉम्पोझिटला (लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाच्या फळ्यांना) कंपनीने जे लिहिलंय तेच. जोईस्ट किती लांब जाईल ते त्याच्या जाडी-उंचीवर आणि लाकडाच्या जातीवर ठरतं, तिथे अंदाजपंचे नको, लांबीचा छापील तक्ता बघा. प्रत्येक लाकडाला थोडा बाक असतो, डोळ्याला लावून बघायचं आणि बाकाची फुगीर बाजू वर ठेवायची, वजनाने तो पुढे सपाट होतो. दाराच्या उंबऱ्यापेक्षा तयार डेक थोडा खाली राहील असा हिशोब धरा, नाहीतर पावसाचं पाणी घरात.

स्क्रू, बोल्ट, जोईस्ट अडकवायचे लोखंडी हँगर सगळं हॉट डिप गॅल्वनाइज्ड किंवा स्टेनलेस. प्रेशर ट्रीटेड, म्हणजे दाबाने औषध मुरवलेल्या लाकडात तांब्याची रसायनं असतात, साधं लोखंड ती खाऊन टाकतात. कापलेल्या प्रत्येक टोकाला प्रिझर्वेटिव्ह लावा, कारण औषध आतपर्यंत गेलेलं नसतं. जोईस्टच्या माथ्यावर चिकटपट्टी लावली तर आणखी छान, खर्च किरकोळ आहे. आणि फळ्या बसवायच्या आधीच खाली कापड अंथरून खडी टाका, मग खाली सरपटत जाऊन गवत उपटायची वेळ येत नाही.

फळ्यांमध्ये फट साधारण पाव इंचाहून थोडी कमी ठेवा, पण लाकूड ताजं, ओलं असेल तर फळ्या एकमेकींना टेकवूनच लावा, वाळल्यावर फट आपोआप पडते. ओल्यातच फट ठेवून लावलं तर वाळल्यावर पेन्सिल खाली पडेल एवढ्या फटी.

जमिनीपासून 30 इंचांहून उंच असेल तर कठडा पाहिजेच, निदान 36 इंच उंच, आणि उभ्या पट्ट्यांमधली फट 4 इंचांपेक्षा कमी, लहान मूल अडकू नये म्हणून. तुमच्याकडचा नियम याहून कडक असेल तर तो पाळा. कठड्याचे खांब नुसते स्क्रूने नाही, बोल्टने आणि आतून आडवे ठोकळे देऊन, कारण माणसं त्याला रेलतातच. पायऱ्या सगळ्या एकसारख्या उंचीच्या करा, एकच पायरी कमी-जास्त असली की माणूस तिथेच अडखळतो, आणि पहिल्या पायरीचा हिशोब धरताना वरच्या फळीची जाडी धरायला विसरू नका, मी विसरलो होतो.

रंग, स्टेन लगेच नको. फळीवर पाण्याचे चार थेंब टाका, ते मण्यांसारखे वर बसले तर अजून थांबा, शोषले गेले की ब्रश काढा.