मराठीत एजंट नाही, मग हस्तलिखित पाठवायचं कसं आणि नकार आला की करायचं काय

यूट्यूबवर इंग्रजी लेखकांचे व्हिडिओ बघून बरेच जण विचारतात की मराठीत लिटररी एजंट कुठे मिळेल. तर मराठीत ती पद्धत रुजलेलीच नाही, लेखक थेट प्रकाशकाला नाहीतर संपादकाला लिहितो. ऐकायला बरं वाटतं, मधला माणूस नाही, कमिशन नाही, पण मग एजंटची सगळी कामं तुमच्याच गळ्यात येतात, म्हणजे प्रकाशक शोधणं, पत्र लिहिणं, पाठपुरावा करणं, करार वाचणं, आणि नकार आला तर तो लेखकाला नीट सांगणं. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण लेखकही तुम्हीच असता.

आधी प्रकाशक. एखाद्या बऱ्या पुस्तकाच्या दुकानात तासभर घालवा आणि तुमच्या जातकुळीची पुस्तकं गेल्या चार-पाच वर्षांत कोणी काढलीत ते बघा. मौज आणि पॉप्युलर ही ललित लेखनातली जुनी नावं, मेहतांकडे अनुवाद भरपूर, समकालीनचा ओढा वास्तवावरच्या, पत्रकारी अंगाच्या पुस्तकांकडे, रोहनने नव्या लेखकांच्या कथा-कादंबऱ्यांसाठी मोहर नावाने वेगळी शाखा केलीय. हे न बघता एकाच मेलमध्ये वीस प्रकाशकांचे पत्ते टाकून पाठवणारे महाभाग आहेत, तो मेल कोणीच उघडत नाही कारण प्रत्येकाला बाकीचे एकोणीस पत्ते दिसत असतात.

एकही कथा छापून आलेली नसेल तर कथासंग्रह घेऊन प्रकाशकाकडे जाऊ नका, आधी मासिकं आणि दिवाळी अंक. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी मासिक मनोरंजनचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखक वाचकांसमोर यायचा मोठा रस्ता हाच आहे. पण वेळ सांभाळा, अंकांची जमवाजमव उन्हाळ्यापासूनच सुरू होते, गणपतीत पाठवलेली कथा कितीही चांगली असली तरी तोवर बहुतेक ठिकाणी पानं लागलेली असतात. आणि एकच कथा दोन अंकांना देऊ नका प्लीज, दोन्हीकडे छापून आली तर दोन्ही संपादक तुमचं नाव लक्षात ठेवतात.

पत्र एका पानाचं. ‘मी लहानपणापासून वाचनाची आवड असलेला’ वगैरे काही नको, आईला आणि ऑफिसमधल्या सगळ्यांना आवडली हेही नको. सरळ लिहा की सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या निवडणुकीवरची कादंबरी आहे, साधारण ७०,००० शब्द, निवेदक कारखान्यातला टाइमकीपर, पूर्ण लिहून झालेली आहे, सोबत सारांश आणि पहिली तीन प्रकरणं. सारांशात शेवट सांगायचा, ‘पुढे काय होतं ते वाचूनच कळेल’ असली जाहिरातबाजी संपादकापुढे चालत नाही. फाइल युनिकोडमध्ये, वर्ड आणि पीडीएफ दोन्ही. श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये, टाइप केलेलं असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मग जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, नाहीतर समोरच्याला नुसते चौकोन दिसतात आणि तो तुम्हाला तसं कळवायच्या फंदात पडत नाही. पाठवल्यावर तीन-चार महिन्यांनी एक नम्र मेल टाकायला हरकत नाही. दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर ‘सर वाचलंत का’ नको.

कोणी लगेच हो म्हणालं आणि पाठोपाठ छपाईच्या खर्चाचा आकडा आला तर तुमचं लेखन निवडलं गेलेलं नाही, तुम्ही गिऱ्हाईक आहात. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात लाज काही नाही, फक्त ते स्वतः ठरवून करा. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिची जाहिरात निघते त्यावर लक्ष ठेवा. खरा करार आला तर हक्क कोणते, किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशासाठी आणि रॉयल्टी किती एवढं लेखी बघाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. ऑडिओ, अनुवाद आणि सिनेमाचे हक्क वेगळे असतात, एका ओळीत ‘सर्व हक्क’ म्हणून देऊन टाकू नका.

इंग्रजीत लिहीत असाल, अमेरिकेत-इंग्लंडमध्ये राहणारे आपले बरेच जण लिहितात, तर मात्र एजंट लागतोच कारण तिथले मोठे प्रकाशक बहुतेक वेळा थेट आलेलं हस्तलिखित घेत नाहीत. अमेरिकी एजंट साधारण १५ टक्के घेतो, परदेशी हक्कांवर २० च्या आसपास, आणि तेसुद्धा तुम्हाला पैसे मिळाले तरच. वाचनाची फी मागणारा एजंट दिसला की तिथूनच मागे फिरा. एकदम पन्नास जणांना न पाठवता सहा-सात जणांना पाठवा, सगळीकडून कोरडा नकार आला तर पत्र नाहीतर सुरुवातीची पानं दुरुस्त करून पुढच्या सहा-सात जणांना. बरेच एजंट नकारसुद्धा कळवत नाहीत.

आता नकार. पूर्वी तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडायचं आणि ‘साभार परत’ची चिठ्ठी घेऊन तेच पाकीट घरी यायचं, पोस्टमनलाही कळायचं. हल्ली बहुतेक वेळा काहीच येत नाही आणि ते जास्त छळतं, कारण माणूस रोज मेल उघडून बघत राहतो. म्हणून पाठवतानाच वहीत तारीख लिहा, सहा महिने झाले की त्या ओळीपुढे स्वतःच ‘नाही’ लिहा आणि दुसरीकडे पाठवा. दुसरीकडे म्हणजे कुठे, ते पहिल्यांदा पाठवतानाच ठरलेलं असू दे, त्या मनःस्थितीत नव्याने शोध घेणं होत नाही.

उत्तर आलं तर ते कुठल्या प्रकारचं आहे ते बघा. ‘आमच्या धोरणात बसत नाही’ किंवा ‘दोन वर्षांची यादी भरली आहे’ यात तुमच्या लेखनाबद्दल एक अक्षर नाही, त्यामुळे त्यातून अर्थ काढत रात्र घालवू नका. यादी खरंच भरलेली असू शकते, कागद महाग आहे आणि कादंबरीच्या पाचशे प्रती खपायलाही वेळ लागतो. पण ‘मधली शंभर पानं रेंगाळतात’ असं कोणी लिहिलं असेल तर त्या माणसाने निदान मधल्या शंभर पानांपर्यंत वाचलंय, हे थोडं नाही. एकट्याचं मत असेल तर बाजूला ठेवा, एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांनी तेच सांगितलं तर पानं परत काढा.

त्या दिवशी उत्तर लिहायचं नाही, फेसबुकवर संपादकांच्या कंपूशाहीवर पोस्ट तर अजिबात नाही. कंपू असतात, नाही असं नाही. साठच्या दशकात प्रस्थापित मासिकांचं दार बंद वाटलेल्या पोरांनी आपली अनियतकालिकं, म्हणजे जमेल तेव्हा निघणारी छोटी मासिकं, काढली, अगदी सायक्लोस्टाइल करून, आणि मराठी कवितेला वेगळं वळण लागलं ते तिथे. राग असा कुठे वापरता आला तर वापरा. बाकी रागाची चर्चा एखाद्या लिहिणाऱ्या मित्राशी करा, घरच्यांशी नको, ते एकतर ‘तुझंच छान आहे’ म्हणतात नाहीतर ‘नोकरीकडे लक्ष दे’, दोन्हीचा उपयोग नाही.

आणि कोणी ‘एवढे बदल केलेत तर परत बघू’ असं लिहिलं असेल तर ते सौजन्य म्हणून लिहिलंय असं समजून सोडून देऊ नका, कामाच्या रगाड्यात संपादक असं उगीच लिहीत नाही. लगेच आठवड्यात रंगसफेदी करून पाठवू नका, दोन-तीन महिने घ्या, बदल मनापासून पटले तरच करा, आणि परत पाठवताना त्यांचं जुनं पत्र जोडून पहिल्याच ओळीत काय काय बदललं ते लिहा, मधल्या काळात वाचणारा माणूस बदललेला असू शकतो.