वासराला हगवण लागली? आधी ती उरलेली बाटली बाजूला ठेवा

आमच्या फ्रिजच्या दारात जेंटामायसिन या अँटिबायोटिकच्या इंजेक्शनची अर्धी बाटली पडून असायची. गाईला दगडी (कासेची सूज) झाली होती, तेव्हाची उरलेली. सहा दिवसांच्या कालवडीला पिवळी पातळ हगवण लागली आणि मी अंदाजानेच दोन दिवस टोचली. हगवण थांबली नाहीच, लघवी मात्र बंद झाली. तिसऱ्या दिवशी कालवड गेली. डॉक्टर म्हणाले, "ताई, अंगातलं पाणी संपलेलं असताना हे औषध मूत्रपिंडावर जातं."

पहिल्या तीन आठवड्यांतली हगवण बऱ्याचदा रोटा, कोरोना यांसारख्या विषाणूंची असते. त्यांच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. उलट पोटातले चांगले जिवाणू मरतात नि हगवण लांबते. वासरू जातं ते पाणी आणि क्षार संपल्यामुळे.

म्हणून आता मी आधी मानेची कातडी चिमटीत धरून सोडते. ती लगेच सपाट व्हायला हवी, नाही झाली तर अंगातलं पाणी कमी झालंय. डोळे खोल गेलेत का पाहते, चोखतंय का कळायला तोंडात बोट घालते. वासरू चोखत असेल तर एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ, तेवढाच खाण्याचा सोडा, सहा चमचे ग्लुकोज. असं दीड-दोन लिटर, दिवसातून दोनतीनदा. दूध तोडायचं नाही, पण दूध नि हे पाणी यांत दोन तास जाऊ द्या. सोड्याने दूध पोटात नीट विरजत नाही. चोखतच नसेल, आडवं पडलं असेल, तर बाटलीने ओतू नका, फुफ्फुसात जातं. डॉक्टरांना बोलवा, शिरेतून सलाईन लागेल.

ताप 103 च्या वर, शेणात रक्त, बेंबी सुजलेली, वासरू मलूल: अशा वेळी अँटिबायोटिक लागू शकतं. कोणतं नि किती, ते डॉक्टर ठरवतील. वजन मात्र खरं सांगा. मी वासरू उचलून वजनकाट्यावर उभी राहते आणि माझं वजन वजा करते. (माझं किती ते विचारू नका.) टेट्रासायक्लिनची गोळी दिली असेल तर दुधातून देऊ नका, दुधातलं कॅल्शियम तिला धरून ठेवतं. हगवण थांबली म्हणून आपल्या मनाने डोसही तोडायचे नाहीत.

आणि एक. औषध चालू असलेल्या गाईचं दूध डेअरी घेत नाही, म्हणून आपण ते वासरांच्या बादलीत ओततो. रोज थोडं थोडं औषध पोटात गेलं की तिथले जिवाणू त्याला सरावतात, मग ते त्यांच्यावर चालत नाही. आमच्याकडे ते आता उकिरड्याजवळच्या खड्ड्यात जातं. सासूबाई अजून हळहळतात.