कोर्स चालला, पण नोंद झाली का?

ई-लर्निंग डेव्हलपर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ॲनिमेशन, व्हॉइसओव्हर आणि रंगीत बटणं येतात. यातलं बरंचसं काम स्टोरीलाइन किंवा कॅप्टिव्हेटसारखं कोर्स बांधायचं टूल सांभाळून घेतं, आणि नेटाने वापरलं की टूलवर हात बसतो. खरी डोकेदुखी पुढे असते. शिकणाऱ्याने शेवटची स्लाइड पाहिलेली असते आणि रिपोर्टमध्ये मात्र ‘अपूर्ण’ दिसतं. तो फोन तुम्हालाच येणार. कोर्स जिथे चालतो त्या साइटचं ॲडमिनपदही तुमच्याकडेच असेल, तर ‘सर्व्हरचं बघा’ म्हणून हात झटकायची सोय नाही.

म्हणून माझं म्हणणं, टूलच्या करामतींआधी स्कॉर्म समजून घ्या, म्हणजे कोर्स आणि एलएमएस (शिकणाऱ्यांना कोर्स दाखवून त्यांची नोंद ठेवणारी साइट) यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे ठरलेले नियम. स्कॉर्म १.२ हे २००१ सालचं, तरी आजही जिकडेतिकडे तेच भेटतं. कोर्स ब्राउझरमध्ये चालत असताना जावास्क्रिप्टने एलएमएसला निरोप देत राहतो: कुठवर आलो, गुण किती, पास की नापास. हे निरोप ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (डेव्हलपरसाठीच्या संदेशांच्या खिडकीत) वाचता आले की निम्मं काम झालं.

पॅकेजमध्ये, म्हणजे एलएमएसवर चढवायच्या कोर्सच्या झिप फाइलमध्ये, आत काय काय आहे ते सांगणारी मॅनिफेस्ट नावाची एक एक्सएमएल फाइल असते. ती झिपमध्ये सगळ्यात वरच्या पातळीवर लागते. नवशिके अख्खा फोल्डर झिप करतात, मॅनिफेस्ट एक पायरी आत जाते आणि एलएमएस पॅकेज नाकारतो. फोल्डर उघडून आतलं सगळं सिलेक्ट करा आणि मग झिप करा.

दुसरी गोष्ट जरा छुपी आहे. शिकणारा मध्येच उठला तर त्याची जागा ‘सस्पेंड डेटा’मध्ये साठवली जाते, आणि १.२ मध्ये त्याला ४,०९६ अक्षरांची मर्यादा आहे. लांबलचक, प्रश्नांनी भरलेला कोर्स ती ओलांडतो. मग पहिले काही विभाग नीट लक्षात राहतात, पुढे कितीही गेलं तरी परत उघडल्यावर गाडी मागच्याच स्लाइडवर. कोर्सचे तुकडे करणं हा साधा उपाय. स्कॉर्म २००४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही मर्यादा ६४,००० झाली, पण आपला एलएमएस ते पेलतो का हे आधी तपासा. मूडल या एलएमएसचा भर १.२ वर आहे, २००४ ला त्याचा पूर्ण पाठिंबा नाही.

दोष कुणाचा हे ठरवायला तेच पॅकेज स्कॉर्म क्लाउड या पॅकेज तपासायच्या ऑनलाइन सेवेवर चढवून बघा. तिथेही अडलं तर खोट बहुधा पॅकेजमध्ये. तिथे चाललं तर आपल्या एलएमएसची सेटिंग्ज उघडायची. या एका सवयीने कितीतरी वादावादी वाचते.

ॲडमिनच्या बाजूला मूडलवर पहिली नजर क्रॉनवर, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप कामं उरकणाऱ्या प्रोग्रामवर, ठेवा. तो दर मिनिटाला चालावा अशी अपेक्षा असते. तो बंद पडला तर साइट वरकरणी ठणठणीत दिसते, पण ईमेल अडकतात आणि कोर्स पूर्ण झाल्याच्या नोंदीही. बॅकअप म्हणजे नुसता डेटाबेस नव्हे, अपलोड केलेल्या फाइलींचा मूडलडेटा फोल्डरही हवा, आणि तो दुसऱ्या सर्व्हरवर उभा करून पाहिल्याशिवाय ‘बॅकअप आहे’ म्हणू नये. अपडेट आधी चाचणीच्या साइटवर. मूडल ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची अपलोड मर्यादा मुळात २ एमबी असते, व्हिडिओवाला कोर्स तिथेच अडतो.

सोर्स फाइल, म्हणजे टूलमध्ये उघडून बदलता येणारी मूळ फाइल, जपा, हे मी जरा जास्तच वेळा सांगते. जुने कोर्स ज्यावर चालायचे त्या फ्लॅशचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२० ला संपला, तेव्हा ज्यांच्याकडे नुसत्या प्रकाशित फाइली होत्या त्यांना ते कोर्स पुन्हा बांधावे लागले.

शिकायला खर्च फारसा नाही. मूडल मोफत आहे, लॅपटॉपवर बसवा. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट कामापुरतं येऊ द्या. एचफाइव्हपी या परस्परसंवादी मजकूर बनवायच्या टूलमध्ये छोटी प्रश्नमंजूषा बनवा, ती नुसत्या कीबोर्डने सोडवता येते का ते बघा. मुलाखतीला जाताना चकचकीत डेमोच्या जोडीला एक साधा कोर्स, त्याचं पॅकेज आणि एलएमएसमध्ये उमटलेला रिपोर्ट न्या. समोर कुणी जाणता असेल तर तो डेमो अर्ध्यात थांबवून रिपोर्टच मागेल.