बाथरूम फोडताना मलबा आधीच वेगळा करा

विटा, टाइल्स, प्लास्टिक एकत्र झालं की मलबा पुन्हा वापरासाठी दळता येत नाही आणि नंतर निवडायला दुप्पट मजुरी जाते. म्हणून फोडतानाच:

१. सळ्या, नळ, तारा भंगारवाल्यासाठी बाजूला.
२. सिमेंटची रिकामी पोती अर्धीच भरा, साधारण २५ किलो. पूर्ण भरलं तर जिन्यात फाटतं.
३. पीओपी, रंगाचे डबे, ट्यूबलाइट वेगळ्या पोत्यात. घंटागाडीत मलबा टाकू नका.
४. गाडी नागपूरच्या भांडेवाडी कचरा डेपोला पाठवण्याआधी मनपाच्या झोन ऑफिसात मलब्याची जागा आणि दर विचारा. वर ताडपत्री बांधाच.

जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे मात्र फोडू नका. ओले करून, अख्खेच जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा. धूळ फुप्फुसाला घातक.