लाकडाची बारीक धूळ उगमापाशीच कशी धरावी

रंधा मारताना निघणारी सालपटे आणि करवतीचा जाड भुसा जमिनीवर पडतो, आणि तो झाडून काढला की जागा स्वच्छ झाली असे वाटते. खरा अपाय मात्र नजरेला न दिसणाऱ्या धुळीचा असतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. 10 मायक्रॉनहून लहान कण नाका-घशात न अडकता थेट फुप्फुसांपर्यंत पोहोचू शकतात आणि बंद खोलीत कित्येक तास तरंगत राहतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 च्या अहवालात लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे, त्यामुळे हा विषय केवळ स्वच्छतेचा राहत नाही.

आपल्या खोलीची स्थिती जाणून घ्यायची असेल, तर सँडरचे, म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करणाऱ्या यंत्राचे, काम थांबल्यावर सगळे दिवे मालवून विजेरीचा झोत आडवा सोडावा. झोतात संथपणे फिरणारे धूसर कण दिसतात. त्याच हवेत आपण मास्क काढून श्वास घेत असतो.

एकदा हवेत मिसळलेली धूळ परत गोळा करणे फार कठीण असते, म्हणून ती उठते तिथेच ओढून घ्यावी. सर्वांत बारीक धूळ सँडर उडवतो. त्याची छोटी कापडी पिशवी काढून तिथे व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडावी, आणि पॉलिश पेपरची भोके सँडरच्या तळाच्या भोकांवर नेमकी बसवावीत. ती थोडी जरी सरकली तरी ओढ तुटते आणि धूळ कडेने बाहेर फेकली जाते. टेबल सॉला, म्हणजे मेजात बसवलेल्या गोल करवतीला, पात्याच्या खालून आणि वरून, अशी दोन्हीकडून ओढ लागते.

व्हॅक्यूम क्लीनर जोराने ओढतो, पण त्यातून हवा थोडीच जाते, म्हणून तो सँडर व राउटरसाठी (लाकडात खाचा आणि कडा कोरणारे यंत्र) योग्य ठरतो. मोठ्या यंत्रांना भरपूर हवा ओढणारा धूळसंकलक आणि किमान 100 मिलिमीटर व्यासाची, शक्य तितकी आखूड व कमी वळणांची नळी हवी. धूळसंकलकाची साधी कापडी पिशवी मला धोक्याची वाटते, कारण ती भुसा अडवते आणि नेमकी बारीक धूळ खोलीत परत सोडते. त्याऐवजी हेपा दर्जाचा फिल्टर लावावा, तो 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. त्याच्या आधी चक्राकार विभाजक, म्हणजे हवा गोल फिरवून जड भुसा वेगळा करणारे साधन, बसवल्यास जाड भुसा डब्यातच पडतो आणि फिल्टर लवकर तुंबत नाही.

एवढे करूनही बारीक कण अडवणारा एन95 किंवा एफएफपी2 दर्जाचा मास्क वापरावाच. दाढी असल्यास तो चेहऱ्याला घट्ट बसत नाही. यंत्र बंद केल्यावर लगेच मास्क उतरवू नये. खिडकीतला पंखा हवा बाहेर फेकत ठेवून काही वेळ थांबावे. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला फळा, कापताना तर यात मुळीच सवलत घेऊ नये, कारण त्याची धूळ अतिशय बारीक असते आणि तिच्यात सामान्यतः फॉर्मल्डिहाइडयुक्त राळही असते.

सफाई करताना झाडू किंवा हवेचा फवारा वापरू नये. त्याने खाली बसलेली धूळ पुन्हा उठते. फळ्या, दिव्यांच्या वरच्या बाजू आणि कपाटांचे माथे ओल्या फडक्याने पुसावेत. लोखंड घासताना उडणाऱ्या ठिणग्या धूळसंकलकात कधीही जाऊ देऊ नयेत, कारण आतला सुका भुसा पेट घेऊ शकतो. भरलेला डबा घराबाहेर नेऊन, मास्क लावूनच, डब्याच्या तोंडावर पिशवी ओढून सावकाश उलटा करावा.