कोळंबीच्या तळ्यात पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू: या चुका टाळा

बडोद्याच्या दांडिया बाजारातला माझा मामेभाऊ जंबुसरकडे कोळंबीची तळी सांभाळतो. गेल्या पावसाळ्यात त्याचा फोन आला, "ताई, पोरांना देतो तशी लस झिंग्याला नाही का देता येत?" बऱ्याच चुका याच समजुतीतून होतात. लस ज्यांच्या जोरावर काम करते, त्या अँटिबॉडी कोळंबीच्या अंगात तयारच होत नाहीत. तिची भिस्त रक्तपेशींवर, जखम काळी करून बंद करणाऱ्या मेलॅनिनवर आणि विषाणूच्या आरएनएचे (जनुकीय संदेशाचे) तुकडे पाडणाऱ्या यंत्रणेवर. ही ताकद वाया जाऊ द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात.

अँटिबायोटिक टाकू नका. विषाणूवर त्याचा काहीच परिणाम होत नाही, आणि मालात अंश सापडला तर निर्यातीचा कंटेनर परत येतो. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून देतात ती बीटा-ग्लुकनची पावडर रोज चारू नका. सतत दिल्याने उलटा परिणाम झाल्याचं दिसलं आहे. एसपीएफ बियाणं म्हणजे ठरावीक रोगजंतू नसलेलं बियाणं. त्याला पुढे रोग होणारच नाही, असा अर्थ काढू नका.

सगळ्यात महागात पडतं ते कवचावरच्या पांढऱ्या ठिपक्यांची वाट पाहणं. ठिपके उशिरा दिसतात, कधी दिसतही नाहीत, आणि नुसत्या पाण्याच्या दोषानेही येतात. तोवर 3 ते 10 दिवसांत तळं रिकामं होऊ शकतं. चेक ट्रेमध्ये (खाद्य किती खाल्लं ते पाहायच्या जाळीच्या ताटलीत) खाद्य उरू लागलं, कोळंबी काठाला रेंगाळू लागली, की लगेच जागे व्हा. भावाने आणलेल्या कोळंबीचं रक्त मी सिरिंजने काढून काचपट्टीवर टाकलं. निरोगी कोळंबीचा निळसर थेंब बघता बघता गोठतो. हा पाण्यासारखा पसरला, गोठेचना. मनात धस्स झालं. तरी हा फक्त इशारा, खात्री विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआर चाचणीनेच करायची. त्यासाठी कल्ले आणि पोहायचे पाय 95% अल्कोहोलमध्ये पाठवा. फॉर्मालिनमध्ये घातलेला नमुना पीसीआरला बिघडतो.

पावसाची पहिली मोठी सर आली की बेफिकीर राहू नका. पाणी 32 अंशांच्या वर असताना या विषाणूची वाढ मंदावते. पाणी अचानक गार झालं, खारटपणा उतरला, की कोळंबीवर ताण येतो आणि दबलेला रोग उसळतो. वरचं गोडं पाणी काढा, पाण्यात हवा मिसळणारा एरेटर चालू ठेवा, खाद्य कमी करा. पहाटे ऑक्सिजन लिटरला 4 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका.

आणि रोग पक्का झालाच, तर तळ्याचं पाणी खाडीत सोडू नका. भावाने दरवाजा बंद ठेवून ब्लीचिंग पावडर टाकली, मेलेली कोळंबी चुन्यात पुरली आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या तळेवाल्यांना घरोघरी जाऊन सांगितलं.