कॅशलेस दाव्यांचे काम बाहेर देताना
लहान नर्सिंग होमने कॅशलेस दाव्यांचे काम बाहेरच्या एजन्सीकडे सोपवताना दर नंतर विचारावा. आधी तिने हाताळलेले काही जुने दावे, रुग्णांची नावे झाकून, पाहायला मागावेत. मंजूर रक्कम, कपातीचे कारण, टीडीएस आणि बँकेत प्रत्यक्ष जमा झालेला आकडा यांचा मेळ तिथे लागत नसेल, तर दर कितीही कमी असला तरी ती एजन्सी नको. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार विमा कंपनीने डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायची असते. मात्र विमा कंपनीकडून रात्री आलेल्या क्वेरीला (शंकेला) उत्तर द्यायला एजन्सीत कोणी नसेल, तर नातेवाईक भांडतात ते तुमच्याच काउंटरवर. मोबदला जमा झालेल्या रकमेवरच ठरवावा आणि दावे भरायच्या पोर्टलचे लॉगिन रुग्णालयाच्या नावावर ठेवावे.